मशिनारियम: खेळण्याआधी, खेळताना आणि अडकल्यावर हमखास विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी संध्याकाळी नाशिकला इंदिरानगरमध्ये आमच्या घरी आठ-दहा जण जमतात. टीव्हीला लॅपटॉप जोडायचा आणि कोड्यांचे गेम मिळून खेळायचे, एवढाच कार्यक्रम. त्यातला सगळ्यात जास्त वेळा खेळला गेलेला गेम म्हणजे मशिनारियम. आमचं ऐकून बऱ्याच जणांनी तो घरी सुरू केला आणि तेव्हापासून मला प्रश्न येत आहेत. तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्या उत्तरात कोड्याचं गुपित फुटतं, तिथे आधी तसं सांगितलं आहे.

१. मशिनारियम हा नेमका कसला गेम आहे?

पॉइंट-अँड-क्लिक प्रकारातला. समोर एक चित्र असतं. त्यातल्या वस्तूंवर क्लिक करायचं, काही उचलायचं, काही एकमेकांना जोडून बघायचं, आणि कोडं सुटलं की पुढच्या जागी जायचं. एक-दोन अपवाद सोडले तर हातांच्या चपळाईचा काही संबंध नाही. नीट बघणं आणि विचार करणं, यावरच सगळं चालतं.

हा गेम चेक प्रजासत्ताकातल्या अमानिता डिझाइन या छोट्या स्टुडिओने ऑक्टोबर २००९ मध्ये काढला. सात जणांनी स्वतःची बचत घालून सुमारे तीन वर्षं त्यावर काम केलं. जाहिरातीसाठी त्यांच्याकडे जेमतेम एक हजार डॉलर होते. याकुब द्वोर्स्की हे या स्टुडिओचे संस्थापक. २००३ मध्ये प्रागच्या कला महाविद्यालयात शिकताना त्यांनी प्रकल्प म्हणून ‘सामोरोस्त’ नावाचा छोटासा गेम केला होता. मशिनारियमचं मूळ तिथे आहे.

२. माझं इंग्रजी यथातथाच आहे. खेळता येईल का?

बिनधास्त खेळा. सुरुवातीच्या सूचना आणि मेनूमधले दोन-चार शब्द सोडले, तर आख्ख्या गेममध्ये भाषाच नाही. पात्रं बोलत नाहीत, चिठ्ठ्या नाहीत, संवाद नाहीत. कोणाला काय हवंय ते त्याच्या डोक्यावरच्या फुग्यात पेन्सिलीने काढल्यासारख्या हलत्या चित्रातून दिसतं.

आपल्याला हे काही परकं नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये मूकपट आणला आणि पुढे नाशिकलाच आपलं चित्रपटांचं काम थाटलं. त्यांच्या मूकपटांतही अधूनमधून लिखित पाट्या यायच्या. इथे तेवढीही पाटी नाही. म्हणूनच घरातल्या ज्या माणसाला ‘इंग्रजी गेम’ म्हटलं की मागे सरकायची सवय झाली आहे, त्याला हा आधी दाखवावा असं मला मनापासून वाटतं.

३. गोष्ट काय आहे? शेवट सांगू नका.

एक छोटा रोबो शहराबाहेरच्या भंगाराच्या ढिगात सुटा होऊन पडलाय. तुमचं पहिलं काम म्हणजे त्याचे अवयव गोळा करून त्याला उभं करणं. मग तो शहरात शिरायचा प्रयत्न करतो. काळ्या टोप्यांची एक गुंडांची टोळी आहे, शहराच्या बुरुजाला ठेवलेला बॉम्ब आहे आणि त्याची मैत्रीण बर्टा त्यांच्या कैदेत आहे. एवढं पुरे.

नायकाचं नाव योसेफ. गेममध्ये ते कुठेच येत नाही, पण ते योसेफ चापेक यांच्यावरून ठेवलेलं आहे. ‘रोबो’ हा शब्द त्यांनीच आपल्या लेखक भावाला, कारेल चापेक यांना सुचवला होता. म्हणजे आज आपण मराठीतही जो शब्द सर्रास वापरतो, तो या गेमच्याच देशातून आलाय.

४. रोबोंचा गेम म्हणजे विज्ञानकथा. तुम्ही याला कल्पनारम्य का म्हणता?

कारण इथलं एकही यंत्र विज्ञानाच्या नियमाने चालत नाही. ते परीकथेच्या नियमाने चालतं. योसेफ उचललेल्या वस्तू गिळून पोटात ठेवतो. अंग ताणून उंच होतो, दाबून बुटका होतो. धातूचा कुत्रा हरवला म्हणून एक म्हातारी रोबो खिन्न बसलेली असते. रस्त्यावरच्या वादकांची वाद्यं बिघडलेली असतात आणि ती दुरुस्त करून दिल्याशिवाय तुमचं काम पुढे सरकत नाही. राजकन्या, बुरूज, दुष्टांची टोळी आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाचं एक काम करून देणारा लहानसा नायक, हा सगळा आजीच्या गोष्टीतलाच साचा आहे. अंगावर फक्त पत्रा चढवलाय.

५. सुरुवातीलाच अडकलो. समोर वस्तू दिसते, पण क्लिकच होत नाही. गेम बिघडलाय का?

नाही. मला सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे.

या गेमचा एक नियम आहे: योसेफचा हात पोहोचेल तेवढ्याच वस्तू तुम्हाला वापरता येतात. दुसऱ्या बहुतेक गेममध्ये तुम्ही लांबूनच क्लिक करता आणि पात्र चालत जातं. इथे आधी त्याला जवळ न्यायचं, मग कर्सर फिरवून बघायचा. तरीही काही होत नसेल तर त्याच्यावर क्लिक करून वर ओढा, तो उंच होईल. खाली ओढा, तो बसका होईल. उंच झाल्यावरच हाताला लागणाऱ्या आणि बसका झाल्यावरच सापडणाऱ्या वस्तू वेगळ्या असतात.

म्हणजे प्रत्येक जागा तीन उंचींवरून तपासायची. हे एकदा अंगवळणी पडलं की पहिल्या तासातल्या निम्म्या अडचणी संपतात. हा नियम गुण आहे की दोष, यावर आमच्याकडे दर वेळी वाद होतो. माझं मत प्रश्न १० मध्ये आहे.

६. एकच जमेची बाजू सांगायची तर कोणती?

जागा. प्रत्येक दृश्य हाताने काढलेलं आहे आणि त्या शहरात कोणीतरी राहत असावं असं वाटतं. गंजलेले पाइप, ठिगळ लावलेला पत्रा, खिडकीतून लोंबणारी वायर, तेलाचे ओघळ. सातपूर-अंबड लिंक रोडवरचा भंगार बाजार ज्याने पाहिलाय, त्याला हे चित्र लगेच ओळखीचं वाटेल. पण तिथे नजर चुकवून पुढे जाणारे आपण इथे एका वॉशरसमोर पाच मिनिटं थांबतो. २००९ मध्येच, गेम बाजारात यायच्या आधी, इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये त्याला उत्कृष्ट दृश्यकलेचा पुरस्कार मिळाला होता. त्यात नवल नाही.

त्याच्या जोडीला संगीत. तोमाश द्वोर्झाक यांचं आहे, ते फ्लोएक्स या नावानेही ओळखले जातात. हे संगीत कुठेही ‘आता घाबरा’, ‘आता हसा’ असं सांगत नाही. तुम्ही अडकून वीस मिनिटं एकाच जागी बसलात तरी ते डोक्यात जात नाही. कोड्यांच्या गेममध्ये ही फार मोठी गोष्ट आहे, कारण अडकण्यातच बराच वेळ जाणार असतो.

अजून एक, जे घाईत निसटतं. योसेफला काही न करता नुसतं उभं राहू द्या. थोड्या वेळाने त्याच्या डोक्यावर फुगा येतो आणि जुन्या आठवणी दिसू लागतात: बर्टा, त्यांचे जुने दिवस, त्या टोळीने दिलेला त्रास. गोष्टीचा निम्मा जिव्हाळा या फुग्यांमध्ये आहे.

७. कोडी किती अवघड आहेत?

सम नाहीत. सुरुवातीची सोपी, मधली उत्तम, शेवटाकडची काही डोकं पिकवणारी.

दोन जातींची कोडी आहेत, हे ध्यानात ठेवलं तर त्रास कमी होतो. एक, वस्तूंची: कोणाला काय हवंय, ते कुठून आणायचं, कशाला काय जोडायचं. दुसरी, यंत्रांची: एखादं कपाट किंवा पॅनेल उघडलं की पूर्ण पडद्यावर एक स्वतंत्र कोडं येतं, ज्यात काहीतरी फिरवायचं, सरकवायचं किंवा क्रमाने लावायचं असतं. पहिल्या जातीत अडकलात तर योसेफला घेऊन पुन्हा सगळीकडे हिंडा. दुसऱ्या जातीत अडकलात तर हिंडून उपयोग नाही, कागद-पेन्सिल घ्या. आमच्या टीव्हीखाली चौकटीची वही कायम ठेवलेली असते.

८. हिंट घेतली तर मजा जाते का?

पहिल्या प्रकारची घेतली तर जात नाही. गेममध्ये दोन सोयी आहेत. एक दिव्याचा बल्ब: प्रत्येक दृश्यात एकदा तो वापरता येतो आणि ‘इथे शेवटी काय व्हायला हवंय’ एवढंच तो चित्रातून दाखवतो. कसं करायचं ते सांगत नाही. तो बेशक वापरा. कधीकधी आपण कोडं सोडवण्यात नव्हे, तर कोडं कोणतं आहे हे ओळखण्यातच अडकलेलो असतो.

दुसरं कुलूपबंद पुस्तक. त्यात दृश्याचं पूर्ण उत्तर चित्रांनी काढलेलं आहे. ते उघडायला आधी एक छोटा गेम खेळावा लागतो: उडणारी किल्ली कोळी-किड्यांना टिपत कुलपापर्यंत न्यायची. हा अडथळा मला आवडतो. उत्तराची किंमत पैशांत नाही, दोन मिनिटांच्या कंटाळवाण्या कामात आहे. तेवढ्या दोन मिनिटांत पुष्कळदा ‘अरे थांब, तो बल्ब काढून पाहिलाच नाही’ असं सुचतं आणि पुस्तक न उघडताच माणूस परत येतो.

यूट्यूबवरच्या उत्तरांना मात्र मी नाही म्हणेन. तिथे एका कोड्याचं उत्तर शोधायला जाता आणि पुढची तीन बघून परत येता.

९. बारमधला तो पाच खड्यांचा डाव जिंकताच येत नाही. टाळता येतो का?

टाळता येत नाही. त्या रोबोला हरवल्याशिवाय पुढचं काम अडतं. पण हरलात तरी काही गमावत नाही. हवे तितके डाव मांडा.

नियम फुली-गोळ्यासारखाच, फक्त सलग पाच लागतात. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. समोरच्याचे सलग तीन झाले आणि दोन्ही टोकं मोकळी असली, तर त्याच क्षणी एक टोक अडवा. चौथा लागल्यावर अडवून उपयोग नाही, तो दुसऱ्या टोकाने संपवतो. आणि जिंकायचं असेल तर एक लांब रांग करत बसू नका. दोन रांगा एकाच घरात मिळतील अशा वाढवा. त्या घरात खडा पडला की दोन धमक्या एकदम उभ्या राहतात आणि त्याला एकच अडवता येते. हा रोबो तशा सापळ्यात सापडतो.

गेममध्ये जुन्या व्हिडिओगेमच्या यंत्रांची एक खोलीही आहे. तिथला स्पेस इन्व्हेडर्सच्या (वरून उतरणाऱ्या शत्रूंना खालून टिपायच्या जुन्या गेमच्या) धर्तीचा गेम सरावाचा भाग आहे. घरात जे कोणी मोबाइलवर असलं काही खेळत असेल, त्याच्या हातात माऊस द्या.

१०. आता अवगुण सांगा. सगळे नुसतं कौतुकच करतात.

सांगतो, आणि हातचं राखून न ठेवता सांगतो, कारण माझा हा आवडता गेम आहे.

सगळ्यात मोठी खोट म्हणजे शेवटाकडे कोडी गोष्टीपासून सुटी पडतात. सुरुवातीला प्रत्येक कोड्याला कारण असतं: पूल खाली यावा म्हणून, वादकाने वाजवावं म्हणून, कैद्याने मदत करावी म्हणून. नंतर नंतर दार उघडलं की पॅनेल, पॅनेल सुटलं की दार, असं होतं. तीच कोडी एखाद्या रविवारच्या पुरवणीत छापली असती तरी चालली असती. या शहरात, या रोबोसमोर ती का आहेत याचं उत्तर गेम देत नाही. आमच्याकडे जे जे मध्येच सोडून गेले, ते सगळे याच टप्प्यावर गेले.

दुसरी, चालणं. शहराचा मधला भाग म्हणजे एकमेकांना जोडलेली बरीच दृश्यं आहेत. योसेफ हळू चालतो. इथलं तिथे न्यायचं, मग परत यायचं, आणि हात पोहोचेल तिथेच काम होतं हा नियम (प्रश्न ५) असल्यामुळे हा फेरा आणखी वाढतो. त्या नियमाने पडदाभर कर्सर घासत फिरणं टळतं, हे मान्य. पण ‘इथे काही आहे का’ हे बघायलासुद्धा त्याला तिथवर चालवत न्यावं लागतं. माझ्या मते नियम चांगला, चाल चुकीची. पाय थोडे भरभर उचलले असते तर तक्रार उरली नसती.

तिसरी खोट बर्टाची. बराचसा वेळ ती कैदेत आहे, स्वयंपाकघरात राबते आहे. आठवणींच्या फुग्यांत ती इतकी जिवंत दिसते, की प्रत्यक्ष गोष्टीत तिच्या वाट्याला इतकं कमी यावं याचं वाईट वाटतं. आमच्या गटातल्या एका ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, ‘ही स्वतः सुटायचा प्रयत्न का करत नाही?’ मला उत्तर देता आलं नाही.

आणि चौथी. भाषा नाही हे बळ आहे तसं ओझंही. एखादी वस्तू का चालली नाही, हे कोणी सांगत नाही. योसेफ नुसती मान हलवतो. तुमचा विचार अगदी बरोबर होता आणि फक्त क्रम चुकला, की विचारच चुकीचा होता, हे कळायला मार्ग नाही. शब्दांच्या गेममध्ये पात्र एखादं वाक्य बोलून जातं आणि तेवढ्याने दिशा मिळते. इथे त्या एका वाक्याची उणीव जाणवते.

११. लहान मुलांना द्यावा का?

आठ-नऊ वर्षांच्या पुढे, मोठ्या माणसासोबत, जरूर. रक्तपात नाही आणि भीतीदायक असं काही नाही. पण आधी माहीत असावं: तुरुंगातल्या एका रोबोसाठी विडीसारखं काहीतरी वळून द्यावं लागतं, आणि बारमध्ये रोबो पिताना दिसतात. गुंड योसेफला छळतात ते प्रसंग हळव्या मुलांना लागू शकतात. माझ्या भाचीने त्या फुग्यानंतर पुढचे दहा मिनिटं माऊस हातात घेतला नाही. मग स्वतःहून म्हणाली, ‘चला, त्यांना पकडू.’

मुलाला एकट्याला देऊन तुम्ही दुसऱ्या खोलीत जाणार असाल, तर देऊ नका. कोडी त्या वयाला एकट्याने झेपत नाहीत आणि मूल ‘मला येत नाही’ असं शिकून उठतं.

१२. आईवडील सत्तरीत आहेत. त्यांना जमेल?

या उत्तरात दुसऱ्या दृश्यातल्या कोड्याचं गुपित फुटतंय. नको असेल तर प्रश्न १३ कडे जा.

माझे बाबा सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावला नव्हता. त्या शनिवारी ते मागे पेपर वाचत बसले होते. पुढे आम्ही चौघं शहराच्या फाटकाशी अडकलो होतो. पहारेकरी योसेफला आत घेत नव्हता. आम्ही पूल कसा पाडायचा, बाजूने कसं जायचं, याचा काथ्याकूट करत होतो. वायर जोडून झाली, ओढून झाली, अर्धा तास गेला.

बाबांनी पेपर घडी करून ठेवला. चष्मा वर सरकवला आणि टीव्हीजवळ आले. बराच वेळ ते फक्त त्या पहारेकऱ्याकडे बघत होते. मग म्हणाले, ‘याची टोपी बघा. निळी आहे आणि वर दिवा आहे. कंपनीच्या गेटवर युनिफॉर्म नसेल तर कोण सोडतं? याला तशी टोपी करून द्या.’ भाचीने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, आणि ओरडली, ‘आजोबा, तो रस्त्यावरचा शंकू!’ शंकूला निळा रंग, वर बल्ब. दोघांनी मिळून तो योसेफच्या डोक्यावर चढवला आणि फाटक उघडलं.

त्या दिवसापासून बाबांची खुर्ची पुढे आहे. माऊस अजूनही भाचीच धरते. बाबा बोट दाखवतात. तर हो, जमेल. माऊसचा हट्ट धरू नका, त्यांना बघू द्या. यंत्रांशी ज्याने हाताने काम केलंय, आटे घासलेला बोल्ट ज्याला नुसत्या स्पर्शाने कळतो, त्याचं डोकं या गेममध्ये आपल्यापेक्षा जास्त चालतं.

१३. मोबाइलवर घेऊ की कॉम्प्युटरवर?

कॉम्प्युटरवर, शक्य असेल तर मोठ्या पडद्यावर. आयपॅडवर हा २०११ मध्ये आला, अँड्रॉइडवर २०१२ मध्ये, निन्टेंडो स्विच या गेम खेळायच्या यंत्रावर २०१८ मध्ये. सगळीकडे गेम तोच आहे. पण मोबाइलच्या पडद्यावर बारीक वस्तू दिसत नाहीत, आणि बोटाला कर्सर नसतो. माऊस वस्तूवर गेला की कर्सर बदलतो आणि तेवढ्याने ‘इथे काहीतरी आहे’ हे कळतं. मोबाइलवर ती खूण मिळत नाही. टॅबलेट हा मधला मार्ग आहे, आणि योसेफला बोटाने ताणायला तिथे माऊसपेक्षा जास्त मजा येते.

१४. जुन्या पेन ड्राइव्हमध्ये २००९-१० ची कॉपी आहे. ती चालेल का?

मूळ गेम फ्लॅश या जुन्या सॉफ्टवेअरवर बांधलेला होता आणि फ्लॅशचा आधार २०२० च्या अखेरीस संपला. जुनी कॉपी एखाद्या कॉम्प्युटरवर चालेल, एखाद्यावर रुसेल. स्टुडिओने नंतर फ्लॅशशिवाय चालणारी आवृत्ती काढली आहे. तीच घ्या. ती पेन ड्राइव्हमधली कॉपी विकत घेतलेली नसेल, तर पुढचं उत्तरही वाचा.

१५. फुकट कुठे मिळेल?

मी सांगणार नाही, आणि का ते सांगतो. या लोकांनी गेमला कोणतंही कुलूप घातलं नव्हतं. एकदा घेतला की कुठेही टाका, कितीही वेळा टाका. त्याचा परिणाम असा झाला, की खेळणाऱ्यांपैकी जेमतेम ५ ते १५ टक्के लोकांनीच पैसे दिले असावेत, असा त्यांचाच अंदाज होता. तेव्हा ऑगस्ट २०१० मध्ये त्यांनी चोरून खेळणाऱ्यांना माफी जाहीर केली आणि वीस डॉलरचा गेम काही दिवस पाच डॉलरला दिला. रागावले नाहीत, खटले भरले नाहीत. सात माणसांनी आपली बचत घातली होती हे पुन्हा सांगतो (प्रश्न १).

स्टीम आणि जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर सणासुदीला चांगली सवलत लागते, तेव्हा घ्या. आणि खरंच आत्ता पैसे नसतील तर याच स्टुडिओचा पहिला ‘सामोरोस्त’ ते स्वतःच फुकट देतात. तो आधी खेळा.

१६. किती तास लागतात? सेव्हचं काय?

एकट्याने खेळलात तर साधारण सहा ते आठ तास. गटात आम्हाला पाच शनिवार लागले, पण त्यात चहा आणि वादही आले.

सेव्ह मात्र स्वतः करत जा, दर नव्या दृश्याला. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही. आणि लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी सेव्हच्या फाइल दुसरीकडे उतरवून ठेवा. कॉलेज रोडवरच्या एका दुकानात माझ्या लॅपटॉपची डिस्क न विचारता पुसली गेली आणि भाचीने महिनाभर सांभाळलेला खेळ गेला. ती रडली नाही, पण पुन्हा सुरू करायला दोन महिने तयार नव्हती.

१७. चुकीची वस्तू वापरली तर पुढे कायमचा अडकतो का?

नाही. योसेफ मरत नाही आणि वस्तू वाया जात नाहीत. जुन्या गेममध्ये हे व्हायचं. सिएरा कंपनीने १९८४ मध्ये ‘किंग्ज क्वेस्ट’ काढला. त्यात आणि पुढच्या भागांत पाऊल चुकलं की मरण यायचं, आणि सुरुवातीची एखादी वस्तू उचलायची राहिली तर तासन्‌तास खेळल्यावर कळायचं की आता मार्गच नाही. तो धाक मशिनारियममध्ये नाही. बिनधास्त काहीही कशालाही लावून बघा.

१८. चार जण एकत्र खेळताना एकच जण सगळं सोडवतो. बाकीचे गप्प बसतात. काय करावं?

माऊस फिरता ठेवा. दृश्य बदललं की माऊस दुसऱ्याकडे. आणि ज्याला उत्तर आधीच माहीत आहे, त्याने फक्त प्रश्न विचारायचे: ‘त्याच्या हातात काय आहे?’, ‘वरचं पाहिलं का?’ आमच्याकडे हा नियम मोडला की त्याने चहा करायचा. यंत्रांच्या कोड्यांना (प्रश्न ७) मात्र गट कामाचा नाही. तिथे दोघांनी वही घ्यावी, बाकीच्यांनी भेळ आणावी.

१९. सगळ्यांना आवडतो म्हणतात. मला दोन तासांत कंटाळा आला. माझं काही चुकतंय का?

काही चुकत नाही. गोष्ट भराभर पुढे जावी, पात्रांनी बोलावं, संवादांत गंमत असावी, असं ज्याला वाटतं, त्याचं मन इथे रमणार नाही. प्रश्न १० मधल्या खोटी खऱ्या आहेत, आणि एखाद्याला त्या कौतुकापेक्षा जड वाटू शकतात. फक्त एक करून बघा. सोडण्याआधी रस्त्यावरच्या वादकांपर्यंत पोहोचा. पाहिजे तर त्यासाठी कुलूपबंद पुस्तकही उघडा. त्यांची वाद्यं नीट झाली की जे होतं, ते ऐकूनही मन लागलं नाही, तर खुशाल सोडा.

२०. असा गेम नाशिकवर होऊ शकेल का?

हा प्रश्न बारावीतल्या एका मुलाने पाठवला आणि मी त्यावर बरेच दिवस विचार करतोय. होऊ शकेल. तांबट गल्लीतून जाताना कान उघडे ठेवा. पातेल्याच्या काठावरचा ठोका, तळावरचा ठोका आणि पितळेच्या पत्र्यावरचा ठोका हे तिन्ही वेगळे ऐकू येतात. ज्याला तो फरक कळतो, त्याला न बघता भांडं ओळखता येतं. हे आयतं कोडं आहे, आणि त्याला एका शब्दाची गरज नाही. भांडी बाजारातला तराजू, गोदाकाठच्या पायऱ्यांवर चढणारं-उतरणारं पाणी, जुन्या वाड्याच्या दाराचा अडसर, सगळं हाताने हलवता येण्यासारखं आहे.

त्या मुलाला मी एवढंच कळवलं: आधी वही घेऊन तिथे तासभर बस आणि एकच दार काढ. ते कसं उघडतं ते चार चित्रांत दाखव. पुढच्या शनिवारी तो वही घेऊन आला. दार जुन्या वाड्याचं होतं, आणि त्याची कडी आतल्या बाजूला होती. चारही चित्रं बाहेरून काढलेली. बाबांनी त्याला शेजारी बसवून विचारलं, ‘आत कोण आहे?’

२१. संपवला. आता पुढे काय खेळू?

याच स्टुडिओचा ‘बोटॅनिक्युला’, २०१२ चा. झाडाला परजीवी किड्यांनी ग्रासलंय आणि पाच चिमुकले जीव त्याचं शेवटचं बीज वाचवायला निघालेत. कोडी मशिनारियमपेक्षा सोपी आहेत आणि चालण्याचा कंटाळा नाही. लहान मुलं असतील तर मी आधी हाच सुचवेन. त्यानंतर २०१६ चा ‘सामोरोस्त ३’, पण तो हेडफोन लावूनच खेळा. संवादांची भूक असेल तर हे दोन्ही नकोत. शब्द त्यांतही नाहीत.